हार्टवर्मची दर महिन्याची गोळी: गरज की व्हेटचा धंदा?

पसारा

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला असतो. नुकताच शेल्टरमधून कुत्रा आणलाय. वय अंदाजे दीड वर्ष, कागदावर 'लॅब मिक्स', म्हणजे खरी जात देवालाच माहीत. शेल्टरमधलं नाव ड्यूक. सासूबाईंनी आल्या दिवशी त्याचं धोंडू केलं आणि आता तो त्यालाच ओ देतो.

तर प्रश्न असा. शेल्टरने हार्टवर्मची, म्हणजे डासांतून येणाऱ्या हृदयातल्या जंताची, टेस्ट केली होती, निगेटिव्ह आली. तरी व्हेट म्हणतात बाराही महिने गोळी द्यायची, सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट करायची आणि पुढे दरवर्षी करायची. टेस्टशिवाय गोळीचं प्रिस्क्रिप्शन मिळणार नाही म्हणे. टेस्ट निगेटिव्ह आहे तर गोळी कशाला? आणि गोळी चालू आहे तर टेस्ट कशाला?

माझ्या माहेरी सांगलीला कायम कुत्री असायची. भाकरी-दूध खाऊन म्हातारी होऊन गेली. हार्टवर्म हे नाव मी इथे येईपर्यंत ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं की डिसेंबर-जानेवारीत डास कमी असतात, तेव्हा तरी गोळीला सुट्टी द्यावी. माझं मत म्हणाल तर अर्धं विज्ञान आणि अर्धा धंदा. ज्यांच्या घरी भुभू आहेत त्यांनी जरा अनुभव लिहा. गूगल करून डोकं फिरलंय.

झुळूक

वाचतेय. धोंडू हे नाव प्रचंड आवडलं.

ऑस्टिनचा_आप्पा

धंदा आहे का? आहे. गरज आहे का? तीही आहे. दातांच्या डॉक्टरचा धंदा चालतो म्हणून आपण दात घासणं सोडतो का?

ह्यूस्टनमध्ये डिसेंबरात डास नसतात हे तुमच्या मिस्टरांना कोणी सांगितलं? मागल्या नाताळात तुमच्या गावी बायूच्या (तिकडच्या संथ ओढ्याच्या) काठाने फिरायला गेलो होतो, हाफ पँट घालून. पुढचं सांगत नाही.

गुरांचा_डॉक्टर

पसाराताई, मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्य आहे. गाई-म्हशी जास्त, कुत्री कमी. तरी तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत, ती सांगतो.

लोकांना वाटतं आज गोळी दिली की पुढचा महिनाभर कुत्र्याला कवच मिळालं. तसं नाही. ही गोळी मागच्या महिन्याची झाडलोट करते. डास चावतो तेव्हा त्याच्या सोंडेतून बारीक अळ्या कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या भोकातून आत शिरतात. ही त्यांची तिसरी अवस्था. आत गेल्यावर काही दिवसांत कात टाकून चौथी. या दोन अवस्थांपर्यंत अळ्या अगदी कमी मात्रेतल्या औषधाने मरतात. पन्नास ते सत्तर दिवसांच्या सुमारास त्या पुन्हा कात टाकतात आणि मग महिन्याच्या गोळीला फारशी दाद देत नाहीत. तिथून रक्तात, रक्तातून फुफ्फुसांच्या धमन्यांत. म्हणून महिन्याला गोळी. डास चावू नये म्हणून नाही, चावल्यावर आत गेलेलं मोठं होऊ नये म्हणून.

आता टेस्ट. नेहमीची टेस्ट अळ्या शोधत नाही. प्रौढ मादीच्या अंगातून सुटणारं एक प्रथिन रक्तात आहे का, ते बघते. डास चावल्यापासून मादी प्रौढ व्हायला सहा महिने, कधी थोडे जास्त लागतात. म्हणजे धोंडूला शेल्टरमध्ये यायच्या आधी दोन-तीन महिने रस्त्यावर डास चावला असेल, तर आजची टेस्ट निगेटिव्हच येणार. सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट म्हणतात ती याचसाठी. दरवर्षीची टेस्ट कशासाठी, तर एखादी गोळी चुकते, एखादी कुत्रा सोफ्यामागे ओकून टाकतो आणि कोणाला पत्ता नसतो, कधी वजन वाढतं आणि आपण जुन्या वजनाचीच गोळी देत राहतो. शिवाय रक्तात जंतांची बारीक पिल्लं भरपूर फिरत असताना यातली काही औषधं दिली तर ती सगळी एकदम मरून कुत्र्याला रिॲक्शन येऊ शकते.

प्रौढ मादी 25 ते 30 सेंटीमीटर लांब असते. शेवयांसारखी दिसते. कुत्र्याच्या अंगात 5 ते 7 वर्षं जगते. शवविच्छेदनात एकदा बघितलं की माणूस गोळीच्या किमतीवर वाद घालत नाही.

शेंगदाणा

डॉक्टर, आमच्याकडे आज शेवयांची खीर होती. धन्यवाद.

पसारा

डॉक्टरसाहेब, इतकं सरळ मला इथे कोणी सांगितलंच नव्हतं. हातात रंगीत माहितीपत्रक दिलं, त्यावर हृदयातून जंत लोंबताहेत आणि खाली एका कंपनीचं कूपन. संशय येणार नाही तर काय होईल?

म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला थेट लागत नाही ना? शेजारच्यांचा कुत्रा पॉझिटिव्ह आहे आणि दोघं एका भांड्यातलं पाणी पितात.

गुरांचा_डॉक्टर

थेट नाही लागत. खुशाल पिऊ दे. मधे डास लागतोच. आजारी कुत्र्याच्या रक्तातली पिल्लं डासाच्या पोटात जातात, तिथे उबदार हवेत दहा-चौदा दिवस वाढतात, मगच ती दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. पण शेजारी पॉझिटिव्ह कुत्रा आहे याचा अर्थ तुमच्या कुंपणापलीकडे डासांना रोजचा पुरवठा आहे. तुमच्याकडे कायोटी (तिकडचे रानकोल्हे) पण फिरतात ना? त्यांच्यातही हा जंत असतो आणि त्यांना गोळी द्यायला कोणी जात नाही.

अटलांटाची_मंजू

आमची बर्फी शेल्टरमधूनच पॉझिटिव्ह आली. आम्हाला आधी सांगितलं होतं आणि तरी घेतली, कारण ती आमच्या लेकीच्या मांडीवर जाऊन बसली आणि उठेना. तेव्हा उपचार काय असतो तो लिहिते, म्हणजे लोकांना गोळी महाग वाटणार नाही.

आधी छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या. मग महिनाभर डॉक्सिसायक्लिन. ते जंतांसाठी नाही, जंतांच्या पोटात राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या जिवाणूंसाठी. ते मेले की जंत अशक्त होतात आणि पुढे मरताना त्रास कमी देतात. सोबत महिन्याची गोळी चालूच. मग एक महिना नुसता थांबायचा. त्यानंतर मोठे जंत मारणाऱ्या मेलार्सोमिनचं पहिलं इंजेक्शन, पाठीच्या खोल स्नायूत. हे आर्सेनिकचं औषध आहे, ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. बरोबर महिन्याने पुन्हा दोन, लागोपाठच्या दिवशी. पाठ इतकी दुखायची तिची की हात लावू द्यायची नाही.

पैसे म्हणाल तर हजार डॉलरच्या बरंच वर. पण खरा छळ पैशांचा नाही. मेलेले जंत कुठे बाहेर पडत नाहीत, फुफ्फुसाच्या धमन्यांतच तुकडे होऊन हळूहळू विरतात. कुत्रं धावलं, उड्या मारल्या, हृदय जोरात चाललं, तर ते तुकडे अडकून जीव जाऊ शकतो. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतरही दीड-दोन महिने पळणं बंद, जिना बंद, खेळणं बंद. पट्टा बांधून शी-शूला न्यायचं आणि परत पिंजऱ्यात. दोन वर्षांच्या कुत्रीला हे कसं सांगणार? खिडकीबाहेर खार दिसली की हिची तडफड. आम्ही पडदे लावून राहिलो. दारावरची बेल काढून ठेवली. पिझ्झावाल्याला फोन करून सांगायचो की बाबा, खाली थांब, आम्हीच येतो.

आता ठणठणीत आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी टेस्ट करतात, ती निगेटिव्ह आली. गोळी अर्थात चालू, कारण एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असलं काही नाही.

झुळूक

मंजू, बर्फीला एक पापा.

भांडकुदळ_भाऊ

सगळे मिळून पसारा यांना घाबरवताय. इतकी वर्षं कुत्री जंगलात राहिली, तिथे काय दर महिन्याच्या एक तारखेला गोळी मिळत होती? आम्ही पुण्यात आहोत. आमच्या राजाला रोज सकाळी लसणाची एक पाकळी देतो. डास जवळ येत नाहीत. सोबत कडुनिंबाचा पाला. कधी काही झालं नाही.

अटलांटाची_मंजू

भाऊ, लसूण बंद करा आधी. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो, लाल पेशी फुटतात. आणि रक्तात फिरणाऱ्या अळीला लसणाचा वास येऊन ती परत डासाकडे जात नाही.

शेंगदाणा

राजाच्या तोंडाला लसणाचा वास येतो म्हणून भाऊंना तो डासांपेक्षा जास्त लांब ठेवता येत असेल. (ह. घ्या.)

गुरांचा_डॉक्टर

भाऊ, मंजूताईंचं बरोबर आहे, लसूण बंद करा. जंगलाचं म्हणाल तर जंगलातल्या प्राण्यांनाही हा जंत होतो. कोल्हे-लांडग्यांत सापडतो. ते मरतात तेव्हा आपल्याला कोणी फोन करून सांगत नाही इतकंच.

पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि पसाराताईंच्या सांगलीच्या कुत्र्यांचं उत्तरही त्यातच आहे. हा जंत सगळीकडे सारखा नाही. भारतात तो प्रामुख्याने ईशान्येकडे, आसाम-मिझोरामकडे आढळतो. दक्षिणेत, विशेषतः केरळात, याचाच चुलतभाऊ जास्त दिसतो, डायरोफिलारिया रिपेन्स. तो हृदयात जात नाही, कातडीखाली राहतो. कुत्र्याला बहुधा फारसा त्रास देत नाही. मधूनच माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाखाली सापडतो आणि पेपरात फोटो येतो. आमच्याकडे देशावर मला कुत्र्यांत दिसतो तो गोचीडताप. एर्लिकिया, बबेसिया. त्याने कुत्री मरतात आणि मालक म्हणतात, दोन दिवस जेवला नाही आणि गेला. पार्व्हो आहे, रेबीज आहे. सांगली-साताऱ्यात मी आधी रेबीजची लस आणि गोचिडांचा बंदोबस्त सांगेन. ह्यूस्टनमध्ये असतो तर हार्टवर्म पहिल्या रांगेत. आजार गाव बघून येतो.

भांडकुदळ_भाऊ

म्हणजे पुण्यात गोळी नको. मी हेच म्हणत होतो.

गुरांचा_डॉक्टर

असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या व्हेटला विचारा, राजाला घेऊन कुठे फिरता ते सांगा. आणि एक बघा, पुण्यात बरेच लोक गोचीड-पिसवांची गोळी देतात आणि समजतात की यात सगळंच आलं. अफॉक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनर एवढंच लिहिलेल्या गोळीचा हार्टवर्मशी संबंध नाही. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन यांतलं एखादं नाव हवं. ब्रँडची जाहिरात सोडा, पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा.

वऱ्हाडी_ठेचा

अवांतर होईल, पण लिहितो. फिलारिया म्हटलं की आम्हा चंद्रपूरकडच्या लोकांना हत्तीपाय आठवतो. माझे वडील आरोग्य खात्यात होते. रात्री जेवणं झाली की ते लोक बॅटऱ्या घेऊन गावात निघायचे, झोपलेल्यांना उठवून बोटातून रक्त घ्यायचे. दिवसा घेऊन उपयोग नाही, कारण हत्तीरोगाची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात, डास चावायच्या वेळेला. लोक शिव्या द्यायचे. एकदा एका म्हाताऱ्याने कुत्रं अंगावर सोडलं होतं, ते आत्ता धाग्याच्या विषयात बसतंय.

तेव्हा डीईसीच्या गोळ्या वाटायचे. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, त्यात आयव्हरमेक्टिन आहे. म्हणजे तुमच्या धोंडूची गोळी आमच्या मावशीने पण खाल्ली.

गुरांचा_डॉक्टर

ठेचाभाऊ, अजिबात अवांतर नाही. एकाच घराण्यातले जंत, दोन्ही डासांवर बसून येणारे. डीईसीचाही कुत्र्यांशी जुना संबंध आहे. महिन्याची आयव्हरमेक्टिनची गोळी अमेरिकेत 1987 ला आली. त्याच्या आधी तिथे कुत्र्यांना डीईसी रोज द्यावी लागायची. रोज! एक-दोन दिवस चुकले तरी पंचाईत. आणि रक्तात पिल्लं असलेल्या कुत्र्याला चुकून दिली तर जिवावर बेतायचं. त्या काळातल्या लोकांना विचारा महिन्याची गोळी केवढी चैन आहे ते.

आयव्हरमेक्टिन ज्या जिवाणूपासून मिळालं तो सातोशी ओमुरांना जपानमध्ये एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीत सापडला होता. त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. कॅम्पबेल जनावरांच्या जंतांवरच काम करणारे. आमच्या धंद्यातल्या माणसाला कधीमधी नोबेल मिळतं, म्हणून सांगून घेतो.

टेक्सासचा_तुक्या

मी डॅलसजवळ. सगळ्यांना एक स्वस्त उपाय सांगू का? फीड स्टोअरमध्ये गाईंच्या आयव्हरमेक्टिनची बाटली मिळते, प्रिस्क्रिप्शन नको काही नको. एक बाटली कुत्र्याला जन्मभर पुरेल. यूट्यूबवर डोस पण सांगतात.

ऑस्टिनचा_आप्पा

तुक्या, 2021 मध्ये लोक कोविडवर उपाय म्हणून तीच बाटली स्वतः पीत होते.

गुरांचा_डॉक्टर

तुकाराम, ती बाटली माझ्या पेटीत रोज असते, म्हणून हिशेब करून दाखवतो. हार्टवर्मसाठी मात्रा किलोला 6 मायक्रोग्रॅम. दहा किलोचं कुत्रं म्हणजे 60 मायक्रोग्रॅम. गुरांचं इंजेक्शन 1 टक्क्याचं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 10,000 मायक्रोग्रॅम. तर तुला लागणार 0.006 मिली. इन्शुलिनच्या सिरिंजवरची बारीक रेघ साधारण 0.01 मिलीची असते. तू मोजणार कशाने?

जास्त गेलं तर? बहुतेक कुत्री थोडंफार सहन करतात. पण कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांत एक जनुकीय दोष बऱ्याचदा असतो. औषध मेंदूत शिरू न देणारी व्यवस्थाच त्यांच्यात लुळी असते. महिन्याच्या गोळीतली मात्रा त्यांनाही चालते. बाटलीतला अंदाजपंचे थेंब चालेलच असं नाही. लडखडतात, लाळ गाळतात, आंधळी होतात, कोमात जातात. 'लॅब मिक्स' लिहिलेल्या शेल्टरच्या कुत्र्यात कोणाचं रक्त आहे हे कोणी पाहिलंय?

टेक्सासचा_तुक्या

0.006 चं पटलं. यूट्यूबवाला सिरिंजने सरळ तोंडात पिचकारी मारत होता. बघतो.

लंडनची_काकू

आमच्याकडे हार्टवर्म नाही, थंडीमुळे इथे मुक्काम करत नाही. पण देव एका हाताने देतो. आमच्या इथे फुफ्फुसातला जंत आहे, तो गोगलगायींतून येतो. माझी कुत्री पावसानंतर बागेत गोगलगाय दिसली की बडीशेपेसारखी तोंडात टाकते. त्यामुळे महिन्याचं औषध आम्हालाही चुकलं नाहीच. स्पेन-इटलीला कुत्रं सुट्टीवर नेणारे मात्र हार्टवर्मचं औषध सोबत घेऊन जातात.

ब्रिस्बेनकर

इथे बहुतेक लोक वर्षातून एक इंजेक्शन घेतात, मॉक्सिडेक्टिनचं. लसीबरोबरच उरकतं. गोळी विसरायचा प्रश्न नाही. तुमच्याकडे मिळत नाही का?

अटलांटाची_मंजू

मिळतं. सहा महिन्यांचं 2001 मध्ये आलं होतं, 2004 मध्ये काही कुत्र्यांना त्रास झाल्याच्या तक्रारींवरून बाजारातून काढलं, 2008 मध्ये बंधनं घालून परत आलं. बारा महिन्यांचं 2019 पासून आहे. आमच्या व्हेटने विचारलं होतं, पण बर्फीचं एवढं झाल्यावर मला महिन्याला स्वतःच्या डोळ्यांनी गिळलेली बघायची असते. हा माझा स्वभावदोष, इंजेक्शनचा नाही.

मिनियापोलिसचा_मोरया

हिवाळ्याच्या सुट्टीबद्दल. आमच्याकडे जानेवारीत उणे वीस असतं, डास औषधालाही मिळणार नाही. डासातली अळी 14 अंशांच्या खाली वाढतच नाही. मग वर्षभर गोळी का? अमेरिकन हार्टवर्म सोसायटी बाराही महिने म्हणते, पण माझा जुना व्हेट जून ते नोव्हेंबर द्यायचा आणि मला ते पटायचं. इथे मी पसारांच्या नवऱ्याच्या बाजूने.

ऑस्टिनचा_आप्पा

तुमच्या गावी पटेल. ह्यूस्टनमध्ये 14 अंशांच्या खाली पारा सलग किती दिवस राहतो? आणि थंडीत ती अळी मरत नाही, थांबते. चार दिवस ऊन पडलं की पुढे चालू.

शिवाय तुमच्या उत्तरेत हा आजार वाढला त्यात आमचा हात आहे. 2005 च्या कतरिना वादळानंतर लुइझियाना-मिसिसिपीकडची हजारो कुत्री देशभर पाठवली. त्यांतल्या ज्यांची तपासणी झाली त्यांत जवळजवळ निम्मी पॉझिटिव्ह होती. आजही टेक्सासच्या शेल्टरमधून गाड्या भरून कुत्री वर जातात. मोरयाभाऊ, तुमच्या शेजारचा गोंडस 'रेस्क्यू' आमच्याच गावचा असेल.

मिनियापोलिसचा_मोरया

आहे खरा, सॅन अँटोनियोचा. आता त्याच्याकडे बघायची नजर बदलली. तरी जानेवारीबद्दल माझं मत तेच.

बोकेश्वर

मांजरांचं काय? की हा धागा फक्त खालच्या जातीच्या प्राण्यांसाठी आहे?

गुरांचा_डॉक्टर

बोकेश्वर महाराज, मांजरांनाही होतो. एखाद-दोनच जंत असतात, पण तेवढेही पुरतात. दम्यासारखी धाप लागते, कधी काही लक्षण नसताना मांजर अचानक जातं. आणि मेलार्सोमिन मांजरांना देत नाहीत. म्हणजे झालेल्यावर नीट इलाज नाही, प्रतिबंध हाच. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरालाही, कारण डास दार वाजवून येत नाही. एक मात्र करा, कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला चुकूनही लावू नका.

पसारा

सगळ्यांचे आभार, विशेषतः डॉक्टर आणि मंजू. नवऱ्याला धागा वाचायला दिला. शेवयांपर्यंत आला आणि म्हणाला, बाराही महिने देऊ.

आता खरी अडचण. गोळीचा डबा आणला. त्यावर ठळक अक्षरांत 'खऱ्या बीफची चव'. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात आणि धोंडूला त्याच भरवतात. त्यांना वाचता येतं. त्यांनी डबा ओट्यावरून उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला आणि आंघोळ केली.

शेंगदाणा

हा धागा आता खऱ्या अर्थाने सुरू झाला.

वऱ्हाडी_ठेचा

धोंडूच्या कोरड्या खाण्याच्या पोत्यावर काय लिहिलंय ते सासूबाईंना दाखवू नका म्हणजे झालं.

अटलांटाची_मंजू

अगं, चिकनच्या चवीची पण मिळते, मिल्बेमायसिनवाली. तीही नको असेल तर मानेवर लावायचे थेंब आहेत, सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनचे. खांद्यांच्या मधे केस बाजूला करून कातडीवर सोडायचे, चाटता येणार नाही असे. तेवढ्या दिवसात अंघोळ घालायची नाही. धोंडूला, सासूबाईंना नाही. व्हेटला सांग, बदलून देतील. लुइझियाना-मिसिसिपीकडे काही जंत जुन्या औषधांना दाद देईनासे झालेत, त्यामुळे तुमच्या भागात कोणतं चालतं हेही त्याच फोनमध्ये विचार.

नव्याने_आलेली

मी पुढल्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीला येतेय, आमच्या चिंगीला घेऊन. हार्टवर्मची टेस्ट करून आणावी लागते का?

ऑस्टिनचा_आप्पा

हार्टवर्मसाठी अडवत नाहीत, रेबीजसाठी अडवतात. 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक झालेत. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे. कुत्रं सहा महिन्यांपेक्षा मोठं, मायक्रोचिप, सरकारी पशुवैद्याच्या शिक्क्याचे कागद, आणि उतरल्यावर नेमून दिलेल्या केंद्रात तपासणी. रक्ताच्या अँटीबॉडीची चाचणी आधीच करून घ्या, नाहीतर तिथे 28 दिवस ठेवून घेतात. आत्तापासून कामाला लागा आणि वेगळा धागा काढा, नाहीतर इथे कोणी भांडायला येईल.

भांडकुदळ_भाऊ

आलो. पण आज भांडणार नाही. राजाचा लसूण बंद केला, व्हेटकडे नेलं. रक्तात जंत नाहीत. गोचीडतापाची टेस्ट मात्र पॉझिटिव्ह आली, गोळ्या चालू केल्यात. डॉक्सिसायक्लिनच आहे, मंजूताईंच्या बर्फीचीच.

गुरांचा_डॉक्टर

छान केलंत भाऊ. गोळी उपाशीपोटी देऊ नका, ओकतो. कोर्स पूर्ण करा, चार दिवसांत उड्या मारायला लागला तरी.

पसारा

थेंब मिळाले. पण शेवटचा प्रश्न: तारीख चुकली तर काय करायचं? मी विसरभोळी आहे. फोनचा अलार्म बंद करून पुन्हा झोपणारी बाई.

गुरांचा_डॉक्टर

आठवल्याबरोबर द्यायचं आणि त्या तारखेपासून पुढचा महिना मोजायचा. आठवडाभर उशीर झाला तर झोप उडवून घेऊ नका. एखादा महिना पूर्ण गेला तर मात्र व्हेटला सांगा आणि सहा-सात महिन्यांनी टेस्ट करून घ्या. चुकलं म्हणून दुप्पट द्यायचं नाही.

झुळूक

आमच्या घरी एक युक्ती आहे. दर संकष्टीला देतो. घरात संकष्टी कोणी विसरत नाही, कुत्र्याची गोळीही विसरली जात नाही. एकोणतीस-तीस दिवसांनी येते, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबातही बसते.

मिनियापोलिसचा_मोरया

वा! म्हणजे अधिक मासात एक गोळी जास्त. वर्षाचा बारांचा डबा पुरायचा नाही.

शेंगदाणा

अंगारकीला दोन द्यायच्या का?

गुरांचा_डॉक्टर

नाही! वर काय लिहिलंय मी?

वऱ्हाडी_ठेचा

पण झुळूकताई, संकष्टीला बीफची गोळी?

झुळूक

चंद्रोदयानंतर देतो.

पसारा

सासूबाईंना विचारलं. थेंब संकष्टीला चालतील म्हणाल्या, पण आधी धोंडूने आरतीच्या वेळी भुंकणं बंद करायला हवं.